पुसलेल्या शब्दांचा धनी कोण?

मोबाइलवरून पुसलेला संदेश परत मिळतो काय, अशी पृच्छा आमच्या पांढुर्णा-सौंसर भागातही आता ऐकू येते. कधी कधी मिळतो. पुसताच मजकूर नष्ट होतो असे नाही. त्याची जागा केवळ मोकळी म्हणून नोंदली जाते, आणि तीवर नवा मजकूर बसेपर्यंत जुना तेथे राहू शकतो. परंतु ‘मिळतो काय’ याहून ‘मिळवावा काय’ हा प्रश्न मोठा आहे.

तुकोबारायांची गाथा इंद्रायणीत बुडाली व १३ दिवसांनी कोरडी वर आली, असे वारकरी परंपरा सांगते. ते शब्द परत यावेत म्हणून त्यांच्या कर्त्यानेच देहूस निर्वाण मांडले होते. दिवंगत आईचा चुकून पुसला गेलेला निरोप मुलाने शोधावा, हे याच जातीचे होय. देणे कबूल करून कोणी तो संदेश पुसला, तर तोही अवश्य शोधावा. कारण दिलेले वचन एकट्याचे राहत नाही.

मात्र रागात लिहिलेला आणि पश्चात्तापाने पुसलेला शब्द? भावाने मागे घेतलेले कटू वाक्य उकरून काढणे, अथवा पत्नीच्या नकळत तिचा फोन धुंडाळणे, यास आम्ही सत्यशोधन म्हणणार नाही. ते संशयाचे पोषण आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत जाम नदीवर सुटलेला दगड कोणास माघारी घेता येत नाही. शब्द माघारी घेण्याची संधी ज्यास लाभली, त्याची ती संधी आपण हिरावून घेऊ नये.