कुणाच्या वाटेला

ठाण्याहून नगरला जायचं ठरलं की आदल्या रात्री आमच्या घरात बैठक बसते. विषय एकच असतो, चाकण कसं टाळायचं? द्रुतगती मार्गाने तळेगावपर्यंत यायचं, तिथून चाकण, शिक्रापूर, शिरूर आणि मग नगर. खरं तर हा रस्ता आम्ही पुणं टाळायला धरला होता. पण पुणं टाळणारे सगळेच तिथे आले, शिवाय कारखान्यांचे कंटेनर तिथे आधीपासून होतेच. आता पुणं टाळायच्या रस्त्याला टाळणारा रस्ता शोधावा लागतो.

गेल्या दिवाळीत तो मॅपने शोधून दिला. चाकणच्या अलीकडे लाल रेघ दिसायला लागली आणि लगेच सूचना आली की इथून वळा, अठरा मिनिटं वाचतील. मी वळले. रस्ता डांबरी होता, पण एका वेळी एकच गाडी जाईल एवढा. दोन्ही बाजूंना कांद्याची शेतं. पुढे बारा-पंधरा गाड्या, सगळ्या आमच्यासारख्याच, मुंबई-पुण्याच्या पाटीच्या. संध्याकाळची वेळ होती. समोरून एकजण मोटरसायकलवर येत होता, दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या. पुढच्या गाड्यांना तो वाट देतच आला होता. माझ्या गाडीला देताना त्याचं चाक साइडपट्टीवरून घसरलं.

त्याला लागलं नाही. एक किटली मात्र कलंडली आणि दूध मातीत गेलं. मी उतरले, गाडी उभी करायला हात लावला, पैसे पुढे केले. त्याने घेतले, मोजले नाहीत. म्हणाला, "डेअरी बंद व्हायच्या आत पोचायचं होतं." आणि मग, न चिडता, "ताई, तुमच्यासाठी तिकडं मोठा रस्ता केलाय की."

मागून हॉर्न वाजायला लागले. मी निघाले. पण ते वाक्य माझ्याबरोबर नगरपर्यंत आलं, आणि अजून गेलेलं नाही.

पहिल्यांदा मी स्वतःचा बचाव केला. रस्ता सार्वजनिक आहे. मीही कर भरते. गावातला रस्ता काही कुणाच्या सातबाऱ्यावर नसतो. हे सगळं बरोबर आहे. पण मग लक्षात आलं की ज्या ९४ किलोमीटरच्या द्रुतगती मार्गाने मी तळेगावपर्यंत आले, त्यावर त्या माणसाची मोटरसायकल जाऊच शकत नाही. दुचाकी, ट्रॅक्टर, बैलगाडी, पायी चालणारा, सगळ्यांना तिथे बंदी आहे. सुरक्षेच्या दृष्टीने ती योग्यही आहे. पण परिणाम असा की माझ्या रस्त्यावर त्याला जागा नाही आणि त्याच्या रस्त्यावर मला आहे. 'सार्वजनिक' हा शब्द आम्हा दोघांसाठी सारखा नाही.

मग कांटची आठवण झाली. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटने दिलेली कसोटी साधारण अशी: तुम्ही ज्या नियमाने वागता तो सगळ्यांचा नियम व्हावा असं तुम्हाला म्हणता येईल का? माझा नियम होता, 'मोठा रस्ता तुंबला की लहान रस्त्याने जावं.' सगळे असं वागले तर लहान रस्ताही तुंबेल. म्हणजे मी चूक ठरले.

पण इतकं सोपं नाही. समजा मी पहाटे चारला निघाले असते. 'गर्दी टाळायला पहाटे चारला निघावं' हाही नियम सगळ्यांनी पाळला तर गर्दी चारला होईल. म्हणून पहाटे निघणं अनैतिक ठरतं का? कुणीच तसं म्हणणार नाही. तेव्हा 'सगळ्यांनी असंच केलं तर?' एवढंच विचारून भागत नाही. खरा प्रश्न असा असावा: मी वाचवलेल्या अठरा मिनिटांची किंमत कुणी दिली?

पहाटे निघाले तर ती मी देते, माझ्या झोपेतून. जो रस्ता तेव्हा रिकामाच पडला असता तो वापरते. कल्याण, मुरबाड, माळशेज घाट, आळेफाटा अशी नगरला गेले, तर वळणांची, पावसाळ्यातल्या धुक्याची किंमत मीच देते, आणि तो राष्ट्रीय महामार्ग लांबच्या वाहनांसाठीच आहे. गावातून गेले तर मात्र ती दुसऱ्याच्या किटलीतून वसूल होते. पहिल्या दोन गोष्टींना गर्दी टाळणं म्हणता येईल. तिसरं म्हणजे गर्दी ढकलणं. मॅपवर दोन्ही निळ्याच रेघेने दिसतात.

यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे. मी मोठ्या रस्त्यावरून बाजूला झाले, तर तिथे अडकलेल्यांचं ओझं थोडं कमी झालंच की. झालं, पण कुणाचं? माझ्यासारख्याच, गाडीत एसी लावून बसलेल्यांचं, आणि तेही प्रत्येकी काही सेकंदांनी. तो फायदा शेकडो जणांत वाटला गेला, तोटा एका अरुंद रस्त्यावरच्या मोजक्या माणसांवर पडला. आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

शिवाय तो फायदा टिकतही नाही. जॉन ग्लेन वॉर्ड्रॉप या इंग्रज अभ्यासकाने १९५२ मध्येच हे मांडलं होतं. प्रत्येकजण स्वतःपुरता कमी वेळाचा रस्ता निवडत गेला, तर शेवटी वापरातल्या सगळ्या रस्त्यांना सारखाच वेळ लागू लागतो. समजा मोठ्या रस्त्याला साठ मिनिटं लागतात आणि आडरस्त्याला पंचेचाळीस. गाड्या आडरस्त्याला वळत राहतील, दोन्हीकडे, धरा, पंचावन्न मिनिटं होईपर्यंत. आपल्या हाती पाच मिनिटं लागतात. गावातल्या माणसाची पाच मिनिटांची वाट मात्र पंधराची होऊन बसते. आणि त्याला वळायला तिसरा रस्ता नसतो.

मग गावांनी रस्ते बंद करावेत का? अमेरिकेत न्यू जर्सीतल्या लिओनिया या छोट्या गावाने ते करून पाहिलं. न्यूयॉर्कला जोडणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टन पुलाकडे जाणाऱ्या गाड्या अ‍ॅपच्या सांगण्यावरून गावात घुसायच्या. जानेवारी २०१८ मध्ये गावाने गर्दीच्या वेळी सुमारे साठ रस्ते बाहेरच्यांना बंद केले. रहिवाशांच्या गाड्यांना पिवळी पट्टी दिली, इतरांना २०० डॉलर दंड. त्याच वर्षी न्यायालयाने तो आदेश रद्द ठरवला. मला गावकऱ्यांचा त्रास कळतो, पण निकालही कळतो. पट्टी नसलेल्याला अडवायचं म्हटलं की पाहुणा अडतो, फेरीवाला अडतो, दवाखान्याला निघालेला अडतो. कुलूप लावलेला रस्ता गावालाही परवडत नाही.

म्हणजे कायद्याच्या आधी जी जागा उरते ती रीतीची. मराठीत 'कुणाच्या वाटेला जाऊ नये' म्हणतात आणि 'वाट वाकडी करून भेटायला येणं' हेही म्हणतात. वाट वाकडी करण्यात पूर्वी कुणाचं तरी घर असायचं. आता आपण वाट वाकडी करतो आणि वाटेतलं एकही घर आपल्याला दिसत नाही, कारण पडद्यावर घरं नसतात, फक्त मिनिटं असतात.

मी स्वतःपुरतं ठरवलंय ते फार मोठं नाही. शक्य तर वेळ बदलायची, नाहीतर लांबच्या वाहनांसाठी बांधलेला दुसरा रस्ता घ्यायचा. कुणी आजारी असेल, खरीच निकड असेल, तर गावातून जायचं, पण गावाच्या वेगाने. समोरून कुणी आलं तर साइडपट्टीवर आपण उतरायचं. चारचाकी उतरू शकते, किटल्या लावलेली मोटरसायकल नाही.

गेल्या महिन्यात पुन्हा निघायला उशीर झाला आणि पुन्हा चाकणच्या अलीकडे लाल रेघ आली. या वेळी बावीस मिनिटं वाचणार होती. मी वळले नाही. मागच्या सीटवरून बाबा म्हणाले, "अगं, तू एकटी थांबून काय फरक पडणार आहे?"

मला उत्तर सुचलं नाही. बाबा बरोबरच होते. त्या दिवशीही पंधरा गाड्या आत वळल्या असतील. सोळावी आमची नव्हती, इतकंच. नगरला पोचायला साडेनऊ वाजले, जेवण गार झालं होतं. मावशीने पुन्हा गरम करून वाढलं.