सोलायला वेळ नाही म्हणे

भोगीच्या आदल्या दिवशी बाजारात ताज्या वाटाण्याची पोती ओतली जात होती. पंधरा पावलांवरच्या दुकानात ओळखीच्या एक वहिनी फ्रीजरमधून गोठवलेल्या वाटाण्याचं पाकीट काढत होत्या. मी बाहेरच्या पोत्यांकडे बोट दाखवलं. त्या म्हणाल्या, "अहो काका, सोलत कोण बसणार? वेळ कुठाय?"

हे कारण मला या थंडीत किती जणांकडून ऐकावं लागलं! मेथी निवडायला वेळ नाही, पावटा सोलायला वेळ नाही, हरभऱ्याची कोवळी भाजी साफ करायला तर नाहीच नाही. म्हणून एकदा घड्याळ लावून बसलो. एक किलो शेंगा सोलायला वीस मिनिटं लागली. रात्री मालिका बघत चार माणसं बसतात, म्हणजे आठ हात रिकामे असतात. जो अंगठा तासभर मोबाईलवर फिरतो, त्याला शेंगेचं पोट फोडायला कोणती विद्या लागते? मधे सूप ठेवा, चौघं बसा, पहिल्या जाहिराती संपायच्या आत काम उरकेल. वेळ नाही असं म्हणणारी माणसं तेच पाकीट घ्यायला पैसे द्यायच्या रांगेत दहा मिनिटं उभी असतात. त्या दहा मिनिटांचा हिशेब कोणी मांडत नाही.

"मुलं खात नाहीत" हे दुसरं कारण. सोलताना चार दाणे चोरून खाल्ल्याशिवाय वाटाणा आवडणार कसा? पेरूनं सर्दी होते, हे तिसरं. पेरूत संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त क जीवनसत्त्व असतं, एवढं सांगून ते सोडून देतो.

गोठवलेला वाटाणा वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. जूनमध्ये खुशाल खा. पण जानेवारीत, बेळगावात?

भाताची सुगी आटोपली की शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या काळ्या शिवारात जमिनीतल्या ओलीवर मसूर, हरभरा, वाटाणा पेरतात. थंडी आणि पहाटेचं दव यांवर ते पीक उभं राहतं. कडधान्याची मुळं हवेतला नत्र मातीत बांधतात आणि पुढच्या भाताला तो उपयोगी पडतो. मोसमातलं अन्न का खावं, याचं माझं उत्तर इथं आहे. ते आपल्या प्रकृतीला चांगलं असतंच, पण जमिनीला त्याचा भार सगळ्यात कमी होतो. जे तिला सहज देता येतं ते घ्यावं, आणि ती देत असताना तोंड फिरवू नये.

हलगा-मच्छे बायपासखाली तिबारपिकी जमीन जाते म्हणून आपण सगळे हळहळतो. ती हळहळ खरी असेल, तर त्या शिवारातला मसूर आपल्या आमटीत दिसायला हवा. चोर्ला घाटातून रोज भाजीच्या गाड्या गोव्याला उतरतात. तिकडची माणसं आपल्या रानातली भाजी वाट बघून घेतात आणि आपण इथं बसून परदेशी किवीवरचं स्टिकर खरवडतो.

आपल्या वाडवडिलांनी मोसमाचा सणच करून ठेवला. पावटा, गाजर, वांगं, हरभरा, बोरं, उसाचे करवे, शेंगदाणे आणि तीळ, त्यासोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. न खाई भोगी तो सदा रोगी, असं बजावूनही ठेवलं. शेजारची कानडी मंडळी एळ्ळ अमावास्येला रानात जाऊन चरग शिंपडतात, म्हणजे पहिला घास मातीला देतात. सीमेचा प्रश्न सुटेल तेव्हा सुटेल, पण या दोन ताटांमध्ये सीमा नाही. आता संक्रांतीला सुगडात घालायला बोरं मिळत नाहीत म्हणून आपण कुरकुरतो. बोरीची झाडं तोडली कोणी?

आणखी एक गोष्ट मी दर थंडीत लिहितो, यंदाही लिहिणार. बाजाराला जाताना कापडी पिशवी न्या. पोतं अंथरून बसलेल्या मावशीकडे मेथीच्या पेंडीमागे दोन रुपयांसाठी घासाघीस करू नका. १९८१ साली निपाणीत तंबाखूला भाव मिळावा म्हणून शेतकरी महामार्गावर बसले आणि गोळीबारात माणसं गेली. ते विसरून पेंडीचा भाव पाडायचा आणि पाकिटावरची छापील किंमत मुकाट्यानं मोजायची, हा न्याय नव्हे.

सगळ्यांना सगळं जमणार नाही, हे मान्य. शहरात दोघं नोकरी करणारी घरं आहेत, त्यांची धावपळ मी बघतो. त्यांनी रोज नको, रविवारी करावं. पण थंडीचे हे थोडेच आठवडे आहेत. शाळूचा हुरडा दाणा टणक होईपर्यंतच मिळेल. हरभऱ्याचं डहाळं फेब्रुवारी सरता सरता वाळेल. वाटाण्याची पोती बाजारातून दिसेनाशी होतील. फ्रीजरमधलं पाकीट मात्र तिथंच असेल, त्याची घाई नाही. या रविवारी दोन किलो शेंगा आणा, घरातल्या सगळ्यांना सुपाभोवती बसवा आणि सोला.