चित्राखालचे चुकलेले नाव



अठराव्या शतकात पिरानेसी (१७२०-१७७८) नावाचा कलावंत रोममधील पडक्या वास्तूंची चित्रे तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापत असे. प्रवासी ती विकत घेऊन घरी नेत. अशाच एका चित्रात तीन प्रचंड कमानी आहेत. चित्राखाली त्याने लिहिले आहे, की हे नीरोच्या सुवर्णप्रासादाचे अवशेष असून लोक त्यांना शांतिमंदिर म्हणतात.

दोन्ही नावे चुकीची! ती वास्तू मॅक्सेन्शियस बादशहाने सुरू केलेल्या सभागृहाची. ३१२ साली तो लढाईत मेला आणि विजयी कॉन्स्टन्टाईनने ती पुरी करून आत स्वतःचा अवाढव्य पुतळा बसवला. त्या पुतळ्याचे डोके, हात, पाऊल असे तुकडे आज संग्रहालयात आहेत. आणि नीरोचा खरा महाल? तो जवळच्याच टेकडीत गाडला गेला. त्याच्यावर पुढच्या एका बादशहाने स्नानगृहे बांधली.

६४ साली रोम जळाले. नीरोने आळ ख्रिस्ती लोकांवर घातला, काहींना कुत्र्यांपुढे टाकले, काहींना रात्री दिव्यांसारखे जाळले. हे लिहिणारा टॅसिटस स्वतः ख्रिस्ती नव्हता. त्यानंतर जळालेल्या जागेवर तो सुवर्णप्रासाद उभा राहिला. मेलेल्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. तरी ख्रिस्तसभा दरवर्षी ३० जूनला, संत पेत्र व संत पौल यांच्या सणाच्या दुसऱ्याच दिवशी, या रोमच्या पहिल्या रक्तसाक्षींचे स्मरण करते.

आजच्या शुभवर्तमानात बहात्तर शिष्य आनंदाने परततात. भुतेसुद्धा आमचे ऐकतात, असे ते सांगतात. प्रभू येशू त्यांचे लक्ष दुसरीकडे वळवतो: तुमची नावे स्वर्गात लिहिली आहेत, याचा आनंद माना. गंमत अशी, की संत लूक त्या बहात्तरांपैकी एकाचेही नाव देत नाही.

आपल्याकडे पंख्याच्या पात्यावरही देणगीदाराचे नाव रंगवतात. (पंखा फिरू लागला की ते वाचता येत नाही, ही गोष्ट वेगळी.) आईवडिलांच्या आठवणीने दिलेल्या बाकावर त्यांचे नाव असले, तर त्यात वावगे काय? पण अक्षरे लहान की मोठी, नाव आधी कोणाचे, यावरून सख्ख्या भावांची मने दुखावतात, बोलणे बंद होते. मग ते बाक देवाला दिले, की आपणच आपल्याला?

चित्रातल्या त्या सभागृहात आठ उंच संगमरवरी स्तंभ होते. शेवटी एकच उरला. १६१४ साली पोप पाचवे पॉल यांनी तो सांता मारिया मज्जोरे या महामंदिरासमोर उभारला. त्याच्या माथ्यावर आज बाळ येशूला घेतलेली पवित्र मरिया आहे. रोमला जाल तेव्हा तो जरूर पाहा. मग आत जा. २०२५ च्या एप्रिलमध्ये पोप फ्रान्सिस यांना तिथेच पुरले. त्यांच्या इच्छेप्रमाणे साध्या दगडावर एकच शब्द कोरला आहे: फ्रान्सिस्कुस.