देव लऊळपर्यंत चालत आला



मागल्या माघात विट्याकडील एका गावी सप्ताहाचे कीर्तन आटोपून आम्ही पारावर टेकलो होतो. एक शेतकरी आपल्या दहा वर्षांच्या मुलाला पुढे करून म्हणाला, "महाराज, ह्याला माळ घालावी का? चौथीत गेला, पण चार ओळी वाचता येत नाहीत. मारून पाहिलं, देवऋषी झाला. ज्याला हरिपाठाची पोथी वाचता येईना, त्याला माळेचा काय उपयोग?"

पोर मान खाली घालून उभे. अहो, तासाभरापूर्वी हेच पोर टाळकऱ्यांत उभे होते आणि त्याचा टाळ एकदाही चुकला नव्हता! आम्ही म्हटले, "बाळ, हरिपाठ म्हण बरे." ऐकून ऐकून पाठ झालेला हरिपाठ त्याने न अडखळता म्हटला. बाप पाहातच राहिला.

आम्हांस तेव्हा कूर्मदासाची आठवण झाली. पैठणच्या ह्या भक्ताला हातपाय नव्हते. कीर्तनात पंढरीचा महिमा ऐकला आणि पोटाने सरपटत वारीला निघाला. कुर्डुवाडीजवळच्या लऊळला येईतो शरीर थकले, एकादशी तर येऊन ठेपली. त्याने वारकऱ्यांजवळ देवाला निरोप धाडला. मग काय झाले? देवाने त्यास हातपाय फुटेपर्यंत वाट पाहावयास लावली नाही. "आधी इतरांसारखा चालून दाखव" असेही म्हटले नाही. जेवढे अंतर भक्ताच्याने कापवेना, तेवढे देव स्वतः चालून आला. आईबापांनी ह्या कथेतून एवढेच घ्यावे : लेकराला जेथवर येता येते तेथवर ते आलेच आहे, उरलेली वाट आपण चालावयाची.

आमचाही एक अपराध येथे सांगतो. फार वर्षांमागे फलटणकडील एक मुलगा आमच्याजवळ शिकावयास राहिला होता. त्यास पोथीतील अक्षरे जुळत नसत. 'प' आणि 'ष' यांत गोंधळ करी. आम्ही त्यास मठ्ठ म्हटले, सर्वांदेखत उभे केले. सहा महिन्यांत तो घरी गेला. वेदांना श्रुति का म्हणतात, हे आम्ही इतरांस शिकवीत होतो आणि त्या लेकराला कानाने शिकवावे एवढे आम्हांस सुचले नाही! ती खंत अजून जात नाही.

श्रीगुलाबराव महाराजांची (१८८१–१९१५) दृष्टी तान्हेपणीच गेली. त्यांनी दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचवून घेतले आणि सांगून सांगून शंभराहून अधिक ग्रंथ लिहविले. ज्ञानाची एक वाट बंद, म्हणून ज्ञान बंद होत नाही. काही मुलांची बुद्धी चांगली असते, डोळे चांगले असतात, पण अक्षर आणि ध्वनी यांची सांगड मनात लवकर बसत नाही. हा आळस नव्हे, की मागल्या जन्मीचे पापही नव्हे. पाप म्हणणाराने आधी आपली जीभ धुवावी.

आता व्यवहाराचे सांगतो. मूल वेळेवर बोलेना, तर प्रथम त्याचे कान तपासून घ्यावे. २०१६ च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यात एकवीस प्रकारचे अपंगत्व मानले आहे. त्यांत ही वाचना-लेखनाची अडचण आणि स्वमग्नताही आहे. अपंगत्व चाळीस टक्के वा अधिक ठरले, तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. दाखल्याची चौकशी साताऱ्यास क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात, सांगलीस पद्मभूषण वसंतदादा पाटील रुग्णालयात करावी. दाखला घेण्यात लाज कसली? लाज लेकराला घरात कोंडून वारीला निघण्यात आहे.

दिंडीवाल्यांनाही विनंती. माउलींची पालखी लोणंदहून तरडगावकडे जाताना चांदोबाच्या लिंबाजवळ उभे रिंगण होते. अशा लेकराला तेथे अवश्य आणा. पण एखाद्याला मृदंगाचा दणका सोसवत नाही, ते कान झाकून ओरडते. त्याला रागावू नका. घेऊन जरा लांब झाडाखाली बसा. नाम तेथेही ऐकू येते. आणि त्याच्या आईजवळ घटकाभर कोणी बसावे, म्हणजे त्या माउलीलाही रिंगण पाहता येईल.

त्या शेतकऱ्याला आम्ही म्हटले, "माळ घालू, पण आधी नेम तुम्ही घ्या. ह्याच्यावर हात उगारायचा नाही, आणि रोज दिवेलागणीला धडा तुम्ही वाचायचा, ह्याने ऐकायचा." तो खाली पाहून म्हणाला, "महाराज, मलाही वाचायला जडच जातं. माझा बापही मारायचा."

आमच्याने क्षणभर बोलवेना. मग म्हटले, "तर ह्याच्या आईला वाचू द्या. तुम्ही दोघे शेजारी बसून ऐका."

त्या एकादशीला पोराच्या गळ्यात माळ पडली.

रामकृष्णहरी.