वेशीबाहेरची बाटली

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या पूर्व नागपुरात मारबती निघतात. एक काळी, एक पिवळी, आणि मागून बडगे. गावची ईडापीडा घेऊन जा, असे त्यांना ओरडून सांगावयाचे आणि शेवटी नेऊन जाळावयाचे, ही रीत. बडग्यांत कधी महागाई असते, कधी लाचलुचपत, कधी दारूसुद्धा. आणि त्या बडग्यापुढे नाचणाऱ्यांतले काही तरुण स्वतःच झोकांड्या खात असतात! पाहून हसू येते. मागाहून त्या हसण्याची लाज वाटते.

लकडगंजात आरागिरण्यांच्या घरघरीत वाढलेला माझा एक जुना विद्यार्थी मित्राच्या वरातीत भान जाईतो प्याला. दोन दिवस दवाखान्यात होता. वाचला. त्याची आई मला म्हणाली, "गुरुजी, पेला तोच, हे खरं जी, पण ओतत होते चौघे, अन् पाहत होतो आपण सारे."

त्या वरातीत मीही होतो.

मुलगा सज्ञान होता. त्याचा पेला धरण्याचा शेजाऱ्याला अधिकार काय, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो गैर नाही. आपल्या राज्यात दारूसाठी वयाची अट २५ वर्षांची, सौम्य बिअरसाठी २१ वर्षांची. पण वरातीत कोण कोणाचे वय विचारतो? शिवाय विसाव्या-बाविसाव्या वर्षी मुलगा एकटा बसून इतकी पीत नाही. त्याला मंडळी लागते, पैज लागते, टाळ्या लागतात. पिणे जर चौघांच्या भरीने होते, तर थांबविणेही त्या चौघांचे कर्तव्य ठरते. पाहणारा त्यातून सुटत नाही.

हे कर्तव्य निभावणारी माणसे आपल्याच विदर्भात आहेत. गडचिरोलीत लोकांच्या चळवळीनंतर १९९३ साली जिल्हाबंदी झाली. पण कायद्याने काम संपले नाही. २०१६ पासून 'मुक्तिपथ' या उपक्रमात गावोगावी संघटना आणि व्यसनींसाठी उपचार, अशी दोन्ही कामे चालली. उलट चंद्रपुरात २०१५ साली आलेली बंदी २०२१ साली उठली. सरकारने दिलेले सरकार परत घेऊ शकते. शेजाऱ्याने शेजाऱ्याला दिलेला शब्द मात्र कोणाच्या सहीने रद्द होत नाही.

परंतु येथे एक धोका आहे. राळेगणसिद्धीत आरंभीच्या काळात दारुड्यांना खांबाला बांधून मारीत. दारू सुटली असेल. पण मार खाणाऱ्याच्या मनात काय उरले असेल? ज्याला सुधारावयाचे त्याला अपमानित करणे, हीही एक नशाच आहे, आणि ती सज्जनांना लवकर चढते. समाजाला आग्रह करण्याचा अधिकार आहे, हात धरण्याचा आहे. हात उगारण्याचा नाही.

मग करावयाचे काय? फार मोठे काही नाही. वरातीचा खर्च ठरविताना घरातल्या वडीलधाऱ्यांनी एक रकाना कोराच ठेवावा. चौघांपैकी एकाने तरी ओतण्याचे नाकारावे. ३१ डिसेंबरच्या रात्री महाराष्ट्रात ठिकठिकाणी कार्यकर्ते चौकात उभे राहून दूध वाटतात. त्यांना हसण्याऐवजी एक पेला आपणही हाती घ्यावा.

तो मुलगा आता कामाला जातो. परवा दिवाळीचा फराळ घेऊन आला. काय बोलावे हे दोघांनाही सुचेना. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्या रात्री ठेवावयास हवा होता, तो.