वंश आणि वास्तव्य

देश कोणाचा, हा प्रश्न राजसत्ता पालटली म्हणजे हटकून उभा राहतो. राज्यकर्ते निघून जातात. परंतु त्यांच्या वंशाचीं जीं माणसें त्याच भूमींत जन्मलीं व वाढलीं, त्यांना परकीं म्हणावें कीं आपलीं?

आपल्या राज्यघटनेच्या ३६६ व्या अनुच्छेदांत अँग्लो-इंडियनाची व्याख्या आहे. पित्याच्या पुरुषपरंपरेंत कोणी पूर्वज युरोपीय असावा, ही तिची एक अट. येथें तात्पुरते न राहणाऱ्या आईबापांच्या पोटीं भारतांत जन्म झालेला असावा, ही दुसरी. आईकडून आलेलें युरोपीय रक्त ती जमेस धरीत नाहीं. वंशाची कसोटी किती लहरी असते, हें यावरूनच दिसतें. दुसरी अट मात्र आम्हांस नैतिक वाटते. कारण वंश पदरीं पडतो, वास्तव्य माणूस पत्करतो.

पण नुसतें वास्तव्य पुरेसें आहे काय? अल्जीरियांत फ्रेंचांनीं १८३० सालीं पाऊल टाकलें. १९६२ सालीं तो देश स्वतंत्र झाला, तेव्हां तेथें युरोपीय वंशाचे सुमारें दहा लाख लोक होते. एव्हियांच्या करारानें नागरिकत्व ठरविण्यास त्यांस तीन वर्षांची मुदत दिली होती. तरी बहुतेकांनीं त्याच वर्षीं देश सोडला. हिंसेची भीति खरीच होती. तथापि शंभरांहून अधिक वर्षें मुसलमान शेजाऱ्यास बरोबरीचा मताधिकार नव्हता, हें विसरतां येत नाहीं.

गोमंतकांतूनहि १९६१ नंतर पोर्तुगीज वंशाचीं अनेक कुटुंबें निघून गेलीं. अँग्लो-इंडियनांपैकीं पुष्कळ परदेशीं गेले, पुष्कळ येथेंच राहिले. लोकसभेंतील त्यांच्या नियुक्त जागा २०२० सालीं बंद झाल्या. पण त्यांचें भारतीयत्व त्या जागांवर अवलंबून नव्हतें.

हें आम्ही कर्वेनगरांत बसून लिहीत आहों. हेंच पूर्वींचें हिंगणें बुद्रुक. अण्णासाहेब कर्वे यांनीं १९०० सालीं विधवांचा आश्रम येथें आणला, तेव्हां तेहि कोकणांतून आलेले उपरेच होते. या वस्तीस त्यांचें नांव मिळालें तें कुळामुळें नव्हे, कार्यामुळें. आज येथें घरें घेतलेले आम्ही लोक ‘बाहेरची गर्दी फार वाढली’ म्हणून कुरकुरतों. परंतु हिंगण्याच्या मूळच्या शेतकऱ्याच्या दृष्टीनें आम्ही कोण, हें स्वतःस विचारीत नाहीं.

शेजाऱ्यास बरोबरीचा मानून त्याच्या बऱ्यावाइटांत जो वांटेकरी होतो, त्याचीच ती भूमि. ही कसोटी युरोपीय वंशजांस अवश्य लावावी. मात्र आधीं ती आपल्या दारांत लावून पाहावी.