नेमाचे ओझे कोणाच्या डोक्यावर?

नागपुरात महालातील एका वाड्यात आमची कीर्तनसेवा झाली. निरूपण नित्यनेमाचे होते. आरतीनंतर मंडळी पांगली, तेव्हा एक वयस्क गृहस्थ पुढे आले. म्हणाले, "महाराज, आम्ही ख्रिस्ती. जन्मभर मास्तरकी केली. तुमच्या लोकांचं बरं आहे. गळ्यात माळ आहे, एकादशी आहे, सांजेला हरिपाठ आहे. आमचा रविवार देवाचा. पण सोमवारी सकाळी घरात जी ओढाताण सुरू होते, तिच्यात देव कुठं बसवावा?"

"मास्तर, थोडा का होईना, पण रोजचा नेम धरा," असे आम्ही बोलून गेलो. घरी येताना मात्र ते उत्तर आम्हांलाच टोचू लागले. उद्या एकादशी होती. आमची एकादशी म्हणजे सूनबाईला दोन स्वयंपाक. पोरांचा वरणभात वेगळा, आमची भगर नि शेंगदाण्याची आमटी वेगळी. पहाटे स्नानाला ऊन पाणी तयार हवे. पाठ चालू असता नातवाने रडायचे नाही, हाही एक नेमच! उपवास आमचा, दमणूक तिची. मग हे पुण्य कोणाच्या खाती जमा होते?

मीमांसक म्हणतात, नित्यकर्म केल्याचे फळ नाही, न केल्याचा दोष मात्र आहे. पाठशाळेत आम्ही हे घोकले. पण ते कर्म दुसऱ्याच्या पाठीवर बसून केले तर काय, हे त्या वयात विचारायचे सुचले नाही.

मास्तरांच्याच समाजातले रेव्हरंड ना. वा. टिळक आठवा. हे संस्कृतज्ञ गृहस्थ ह्याच नागपुरात आप्पासाहेब बुटींकडे वैदिक ग्रंथांचे काम करीत. १८९३ साली इथून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन धरले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. तुकोबांवरचे त्यांचे प्रेम मात्र सुटले नाही. अभंग नि कीर्तन त्यांनी ख्रिस्ती उपासनेत नेले. मराठी देवळांत त्यांची पदे आजही म्हणतात.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. त्यांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागांनी निघाली. माळकऱ्यांनीही ती वाचावीत. बाईंच्या वडिलांचे सोवळे पराकोटीचे. बाहेरून आलेली जिन्नस धुतल्यावाचून घरात येत नसे. मीठ नि साखरसुद्धा सुटत नसे. नेम कडक खरा, पण निस्तरायचा बायकापोरांनी. पुढे सासरी उलट तऱ्हा. टिळकांचा हात इतका सढळ की आलेला पैसा वाटेतच कोणा गरजूला जाई, आणि घरची चूल चालवण्याची काळजी बाईंना. वडिलांच्या घरी नेम उदंड नि दया थोडी. पतीच्या घरी दया उदंड नि शिस्त थोडी. दोन्हीकडचा भार एकाच बाईने वाहिला! आम्हांला विचाराल तर टिळकांची बाजू कितीतरी बरी, पण निर्दोष नव्हे.

पैठणास नाथांच्या घरी श्राद्धाचा स्वयंपाक झाला असता दारचे भुकेले आधी जेवले. नाथ काही बेशिस्त नव्हते. स्नान, पाठ, कीर्तन ह्यांत त्यांचा दिवस बांधलेला. म्हणूनच नेम कुठे सैल करायचा हे त्यांना कळले. शब्बाथाच्या दिवशी भुकेल्या शिष्यांनी कणसे मोडून खाल्ली, तेव्हा येशूने त्यांचीच बाजू घेतली, असे मास्तरांच्या शास्त्रातही आहे. नेम मोडण्याचा हक्क, आम्हांस वाटते, नेम पाळणाऱ्यालाच. आळशाने नाथांचा दाखला देऊ नये.

मास्तर पुन्हा भेटले, तेव्हा आम्ही आपले पहिले उत्तर दुरुस्त केले. म्हटले, "नेम धरा, पण आधी घरात विचारा, ह्याने कोणाचे काम वाढते?" ते हसले. "महाराज, तुम्ही विचारलं काय?"

विचारले नव्हते. त्या रात्री विचारले. सूनबाई आधी "काही नाही, बाबा" म्हणाली. मग हळूच म्हणाली, "पहाटेचं पाणी तेवढं तुम्ही तापवून घेतलं तर..."

आता घेतो. पहिल्या दिवशी गॅस पेटवताना चार काड्या वाया गेल्या, आणि हरिपाठाला थोडा उशीर झाला.